विमानशिल्पी व्लादिमीर पेतल्याकोव्ह

दुसऱ्या महायुद्धांतील विमानांचा विषय निघाला म्हणजे विद्यार्थ्यांच्या तोंडीं स्पिटफायर, हरिकेन, लँकेस्टर हीं इंग्रजी नांवें सहज येतात. रशियन विमानांचीं नांवें त्या मानानें फार थोड्यांना ठाऊक असतात. आणि तीं विमानें ज्यांच्या बुद्धींतून निघालीं त्या माणसांची ओळख तर त्याहूनहि थोड्यांना. ज्या पुरुषाचें चरित्र येथें सांगावयाचें आहे, त्याच्या हातून एकाच विमानाला तीन वेळां जन्म घ्यावा लागला. तें प्रथम फार उंचावरून झुंजणारें लढाऊ विमान म्हणून कागदावर उतरलें. मग सरकारी हुकूम सुटून त्याचा सूर मारणारा बाँबर झाला. आणि शत्रु राजधानीच्या रोखानें चालून आला तेव्हां अवघ्या चार दिवसांत त्या बाँबरचें पुन्हां अवजड लढाऊ विमान करावें लागलें. यांपैकीं पहिल्या दोन जन्मांच्या वेळीं त्याचा कर्ता स्वतः तुरुंगांत होता.

व्लादिमीर मिखाइलोविच पेतल्याकोव्ह याचा जन्म २७ जून १८९१ रोजीं दक्षिण रशियांतील सांबेक या गांवीं झाला. जवळचें मोठें शहर म्हणजे अझोव्हच्या समुद्रकांठचें टॅगनरॉग. प्रसिद्ध कथाकार चेखॉव्ह हाहि तेथलाच. या शहरांतील तंत्रशाळेंत पेतल्याकोव्हचें शिक्षण झालें. ती शाळा संपवून तो मॉस्कोस गेला व तेथील नामांकित तंत्रविद्यालयांत त्यानें नांव घातलें. निकोलाय झुकोव्हस्की हे वृद्ध आचार्य त्या काळीं तेथें शिकवीत असत. रशियांत विमानविद्येचा पाया ज्यांनीं घातला ते हेच. परंतु पेतल्याकोव्हच्या हातीं पैसा नव्हता. विद्या आणि पोट या दोहोंचा मेळ बसेना, तेव्हां अभ्यास अर्ध्यावर टाकून त्याला कामधंदा पाहावा लागला. पुढें पहिलें महायुद्ध आलें, त्यामागून १९१७ ची राज्यक्रांति आली, यादवी आली. आणि या सर्व उलथापालथींतून बाहेर पडून तो पुन्हां त्याच विद्यालयाच्या पायऱ्या चढला तेव्हां त्याचें वय तिशीला टेंकलें होतें. १९२२ सालीं तो पदवीधर झाला. ज्या वयांत आपल्याकडे माणूस संसाराच्या गाड्याला जुंपला जाऊन पुस्तकें माळ्यावर टाकतो, त्या वयांत हा गृहस्थ बाकावर बसून परीक्षेचा अभ्यास करीत होता, हें वरच्या वर्गांतील निराश झालेल्या मुलांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

विद्यार्थी असतांनाच तो मॉस्कोंतील विमानसंशोधनाच्या मध्यवर्ती संस्थेंत कामाला लागला. ही संस्था झुकोव्हस्की यांनीं १९१८ सालीं स्थापिली होती, व तिच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून तिला त्सागी असें म्हणत. तेथें आंद्रेई टुपोलेव्ह या धडाडीच्या इंजिनियरच्या हाताखालीं त्याची नेमणूक झाली. कृत्रिम वाऱ्याच्या बोगद्यांत विमानाच्या प्रतिकृति ठेवून त्यांवर वाऱ्याचा दाब किती पडतो हें मोजावयाचें, आणि त्या मापांवरून गणित करावयाचें, असें हें काम असे.

त्या काळीं विमानें बहुधा लांकडाचीं व कापडाचीं असत. टुपोलेव्हचा आग्रह असा कीं, रशियानें धातूचीं विमानें बांधावीं. ॲल्युमिनियमचा नालीदार पत्रा वजनाला हलका असतो हें खरें. पण त्याचा लांब पंख करावयाचा, त्याला बाहेरून तारा किंवा टेंकू द्यावयाचे नाहींत, आणि तो वादळांत वांकूं नये अशीहि अपेक्षा धरावयाची, म्हणजे आंतील हाडांची रचना फार विचारानें केली पाहिजे. हें पंखाचें काम पेतल्याकोव्हकडे आलें आणि तेंच त्याचें वैशिष्ट्य ठरलें. एका जाड तुळईवर सारा भार न टाकतां अनेक तुळयांमध्यें तो वांटावयाचा, आणि प्रत्येकीच्या वांट्यास किती ओझें येईल तें आधीं गणितानें काढावयाचें, ही पद्धति त्यानें व बेल्यायेव्ह नांवाच्या त्याच्या सहकाऱ्यानें बसविली. १९२५ सालीं आकाशांत चढलेला टीबी-१ हा दोन एंजिनांचा बाँबर अशाच पंखांवर उभा होता. त्याच जातीचें एक विमान १९२९ सालीं मॉस्कोहून सैबेरिया व अलास्का या मार्गानें न्यूयॉर्कपर्यंत गेलें. १९३० च्या डिसेंबरांत उडालेला टीबी-३ हा त्याहून कितीतरी मोठा, चार एंजिनांचा. त्याचीं आठशेंवर विमानें तयार झालीं, आणि १९३७ सालीं संशोधकांना उत्तर ध्रुवाच्या बर्फावर नेऊन उतरविणारीं विमानें याच जातीचीं होतीं. विमानांना नांव टुपोलेव्हचें मिळे. पंखाचें गणित पेतल्याकोव्हचें असे.

मग त्याच्याकडे स्वतंत्र जबाबदारी आली ती टीबी-७ या प्रचंड विमानाची. याचें पहिलें उड्डाण २७ डिसेंबर १९३६ रोजीं झालें. शत्रूच्या तोफांचे गोळे व लढाऊ विमानें जेथें पोंचणार नाहींत इतक्या उंचीवरून यानें जावें अशी कल्पना होती. उंचावर हवा विरळ असते. जसा माणसाला तेथें दम लागतो तसाच एंजिनालाहि लागतो. म्हणून या विमानाच्या पोटांत एक पांचवें एंजिन ठेवून त्याच्या पंपानें बाकीच्या चारांना हवा पुरविण्याची युक्ति केलेली होती. विरळ हवेच्या या अडचणींशीं पेतल्याकोव्हची गांठ पडली ती येथें, आणि पुढें कैदेंत त्याला जें काम मिळालें त्याच्याशीं या अनुभवाचा निकट संबंध आहे.

१९३७ च्या ऑक्टोबरांत टुपोलेव्ह, पेतल्याकोव्ह आणि त्यांचे कित्येक सोबती पकडले गेले. तो काळ स्टालिनच्या धरपकडीचा होता. सेनापति, प्राध्यापक, कारखान्यांचे व्यवस्थापक, साधे कारकून, कोणाच्याहि दारावर रात्रीं थाप पडे. या इंजिनियरांवर आरोप होता तो घातपाताचा व परकीय राष्ट्रांसाठीं हेरगिरी केल्याचा. आरोप सर्वस्वी खोटा होता. परंतु तो खोटा आहे हें सिद्ध करण्याची सोय त्या न्यायांत नव्हती. विमानविद्येंतील कित्येक जाणत्या माणसांना गोळ्या घालण्यांत आल्या. ज्यांचे प्राण वांचले त्यांच्याविषयीं कांहीं काळानें गुप्त पोलिसखात्याच्या ध्यानांत आलें कीं, हीं माणसें कोळशाच्या खाणींत किंवा जंगलांत मरूं देण्यापेक्षां त्यांच्याकडून विमानें करून घेणें अधिक फायद्याचें आहे. अशा रीतीनें तुरुंगांतच विमानांचे नकाशे काढण्याची कचेरी निघाली. १९३९ च्या सुमारास पेतल्याकोव्ह तेथें आला.

ही कचेरी आरंभीं मॉस्कोबाहेर बोल्शेव्हो येथें होती व पुढें खुद्द मॉस्कोंत आणली गेली. जागा कोणती, तर ज्या इमारतींत ही मंडळी पूर्वीं सन्मानानें काम करीत होती तीच. आतां तेथील खिडक्यांना गज बसविले होते व जिन्यावर पहारा होता. दिवसा नकाशे काढावयाचे आणि रात्रीं त्याच इमारतींत पहाऱ्यांत निजावयाचें. खाणें बरें मिळे, शास्त्रीय पुस्तकें मिळत. घरच्या माणसांची भेट मात्र क्वचित्. तयार झालेल्या नकाशावर काढणाऱ्याची सही चालत नसे. प्रत्येक कैद्याला एक अंक दिलेला असे, आणि त्या अंकाचा रबरी शिक्का सहीच्या जागीं उठवावा लागे. टुपोलेव्ह, मायासिश्चेव्ह, आणि पुढें अंतराळांत पहिला कृत्रिम उपग्रह पाठविणारा कोरोलेव्ह, हे सर्व या कचेरीचे कैदी होते. एका राष्ट्रानें आपल्या इतक्या बुद्धिमान माणसांना एकाच छपराखालीं कोंडून ठेविल्याचें दुसरें उदाहरण आमच्या तरी वाचनांत नाहीं.

या कचेरीचें सरकारी नांव खास तंत्रविभाग असें होतें. त्याचीं रशियन आद्याक्षरें जुळविलीं कीं स्तो असा शब्द होतो, आणि रशियन भाषेंत स्तो म्हणजे शंभर. यावरून तेथील विमानांना शंभरापासून पुढें अंक मिळाले. पेतल्याकोव्हच्या तुकडीकडे जें आलें तें शंभर नंबरचें विमान. काम असें: फार उंचावर जाऊन शत्रूच्या बाँबरांना गांठणारें दोन एंजिनांचें लढाऊ विमान तयार करावें. माणसांसाठीं त्यांत हवाबंद खोल्या ठेविल्या होत्या. एंजिनांना विरळ हवेंत दम पुरावा म्हणून पंप जोडले होते. आणि चाकें, झडपा वगैरे हलविण्यासाठीं वैमानिकाच्या हातापायांच्या जोरावर न विसंबतां लहान लहान विजेच्या मोटारी जागोजागीं बसविल्या होत्या. इतकी वीज त्यापूर्वीं कोणत्याहि रशियन विमानांत वापरलेली नव्हती. २२ डिसेंबर १९३९ रोजीं स्टेफानोव्हस्की या परीक्षक वैमानिकानें तें प्रथम उडविलें. वर गेल्यावर एक एंजिन बंद पडलें, तरी त्यानें तें सुरक्षित खालीं आणलें. दुसऱ्या नमुन्याचें दैव इतकें चांगलें नव्हतें. १९४० च्या वसंत ऋतूंत त्याच्या आंत हवेंतच आग लागली व घाईघाईनें उतरतांना तें मोडून गेलें. आगीचा हा धोका या घराण्याच्या विमानांतून पुढेंहि पुरता गेला नाहीं.

१ मे १९४० रोजीं मॉस्कोच्या लाल चौकावरून सैन्याच्या संचलनाबरोबर शंभर नंबरचें विमान लोकांना दाखविण्यांत आलें. कैद्यांच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांना पाय मोकळे करण्यासाठीं एक जाळीचा पिंजरा केलेला होता. तेथून त्यांनीं आपलें विमान जातांना पाहिलें, असें त्यांच्यांतील एकानें मागाहून आपल्या आठवणींत लिहून ठेविलें आहे.

वास्तविक यानंतर या लढाऊ विमानाची पैदास सुरू व्हावयाची. परंतु दरम्यान पोलंडांत व फ्रान्सांत जर्मनांच्या सूर मारणाऱ्या बाँबरांनीं जो कहर केला तो पाहून रशियन अधिकाऱ्यांचें मन पालटलें. फार उंचावरून येणारे बाँबर कोठें दिसत नव्हते. खालीं झेप घेऊन पुलावर किंवा रणगाड्यांवर नेमका बाँब टाकणारें विमान मात्र हवें होतें. हुकूम सुटला कीं शंभर नंबरच्या विमानाचा तसा बाँबर करावा आणि तो पंचेचाळीस दिवसांत करावा. हवाबंद खोल्या गेल्या, उंचीचे पंप गेले. सूर मारतांना वेग आंवरण्यासाठीं पंखाखालीं जाळीदार गतिरोधक आले. बाँबांसाठीं पोटांत जागा झाली. दोघांचे तिघे बसूं लागले. चित्रकलेच्या तासाला एक रेघ चुकली तर रबरानें खोडतां येते. विमानांत एक वस्तु हलविली म्हणजे तोल बदलतो, आणि तोल बदलला कीं शंभर ठिकाणीं गणित पुन्हां करावें लागतें. इतर नकाशाघरांतून शेंकडों माणसें मदतीला धाडण्यांत आलीं, आणि दीड महिन्यांत काम झालें.

१९४० च्या जुलैंत पेतल्याकोव्हची सुटका झाली. डिसेंबरांत कारखान्यांतून निघालेलें पहिलें विमान उडालें, आणि त्याच सुमारास त्याला कर्त्याच्या नांवाचें पहिलें अक्षर लाभून तें पे-२ झालें. १९४१ सालीं पेतल्याकोव्हला स्टालिन पारितोषिक देण्यांत आलें. ज्या राज्यानें त्याला देशद्रोही ठरविलें त्याच राज्यानें एका वर्षाच्या आंत त्याला गौरविलें. त्याला त्या दिवशीं काय वाटलें असेल तें कोणीं लिहून ठेविलेलें नाहीं, व आम्ही त्याच्या तोंडीं कांहीं घालीत नाहीं.

पे-२ वेगवान व भक्कम होता, पण उतरतांना हट्टी घोड्यासारखा वागे. त्याच्या पंखांवर वजनाचा भार मोठा असल्यामुळें जमिनीजवळ वेग थोडा कमी झाला कीं तो एकदम खालीं बसे. नवशिक्या वैमानिकांना त्याचा धाक वाटे. २२ जून १९४१ रोजीं जर्मनीनें रशियावर स्वारी केली तेव्हां असे सुमारें साडेचारशें बाँबर कारखान्यांतून बाहेर पडले होते, परंतु ते चालवूं शकणारे पुरते तयार झालेले लोक त्याहून फार कमी होते.

महिन्याभरांत, २१ जुलैच्या रात्रीं, जर्मन बाँबरांचा पहिला मोठा थवा मॉस्कोवर आला. सुमारें दोनशें विमानें असावींत. शहराच्या रक्षणासाठीं एक-एंजिनी लढाऊ विमानें पुष्कळ होतीं. पण त्यांच्या टाकींत पेट्रोल थोडें, त्यामुळें तीं फार वेळ पहारा करूं शकत नसत, आणि अंधारांत एकट्या वैमानिकाला मार्ग शोधणें, शत्रु शोधणें व विमान चालविणें हीं तिन्ही कामें करावीं लागत. म्हणून दोन माणसांचें, दोन एंजिनांचें, तासन् तास वर राहूं शकणारें अवजड लढाऊ विमान तांतडीनें पाहिजे झालें. नवें बांधावयास वर्ष लागलें असतें. हातांत होता तो पे-२.

बाँबरचें लढाऊ विमान करण्याची ही कल्पना एकट्या रशियाची नव्हती. इंग्रजांनीं युद्धाच्या तोंडावर आपल्या ब्लेनहाइम बाँबरांपैकीं सुमारें दोनशेंच्या पोटाखालीं चार चार मशिनगनांची पेटी बसवून त्यांना लढाऊ विमानांच्या रांगेंत उभें केलें होतें. दिवसाच्या झुंजींत तीं फार मंद ठरलीं. रात्रीं मात्र उपयोगी पडलीं, आणि १९४० च्या जुलैंत विमानांतील रडारच्या साह्यानें अंधारांत शत्रूचें विमान पाडण्याचा पहिला मान अशाच एका ब्लेनहाइमला मिळाला. त्यांचें ब्यूफायटर हें विमानहि ब्यूफोर्ट या टॉर्पेडो-बाँबरच्याच पंखां-शेपटीवर उभारलेलें होतें. जर्मनांनीं आपल्या युंकर्स-८८ बाँबरच्या नाकांत तोफा बसवून त्याला रात्रीचा शिकारी बनविलें. यांतील हिशेब उघड आहे. बाँबरच्या पोटांत बाँबांऐवजीं पेट्रोल मावतें, नाकांत जड हत्यारें मावतात, आणि वैमानिकाच्या मागें मार्ग दाखविणारा दुसरा माणूस बसतो. उणीव अशी कीं, बाँबर हा मुळांत बैल. त्याला हरणासारखें वळतां येत नाहीं. चपळ लढाऊ विमानाशीं दिवसाउजेडीं त्याची गांठ पडली तर त्यानें पळून जावें हेंच उत्तम.

२ ऑगस्ट १९४१ रोजीं हुकूम आला, आणि नमुना ६ ऑगस्टपर्यंत तयार पाहिजे असें त्यांत होतें. चार दिवस! पूर्ण नकाशे काढण्याइतकीहि सवड नव्हती. मॉस्कोंतील एकोणचाळीस नंबरच्या कारखान्यांत पे-२ चें एक तयार विमान घेऊन पेतल्याकोव्हची माणसें त्याच्यावर तुटून पडलीं. सूर मारण्याचे गतिरोधक काढले. मागच्या तिसऱ्या माणसाची जागा रिकामी करून तेथें पेट्रोलच्या दोन टाक्या बसविल्या, व एक बाँबांच्या जागीं बसविली. अशा रीतीनें सातशें लिटर पेट्रोल अधिक मावूं लागलें. नाकांत साडेबारा मिलिमीटरहून थोड्या जाड गोळीच्या दोन मशिनगन आल्या, त्यांच्या जोडीला एक लहान. आणि शेंपटाच्या टोंकाला एक मशिनगन कायमची घट्ट बसविली, जी मागें सरळ गोळ्या सोडी पण कोणीकडेहि वळत नसे. ७ ऑगस्टला विमान उडालें. त्याचें नांव पे-३. ताशीं सुमारें ५३० किलोमीटर वेग आणि दोन हजार किलोमीटरहून अधिक पल्ला, इतकें त्याला साधलें.

घाईचीं फळें लौकरच दिसून आलीं. नाकांतील मशिनगनांचा दणका इतका कीं पुढची पारदर्शक टोपी तडकूं लागली. तेव्हां ती काढून पत्र्याची बसवावी लागली. रात्रीं गोळी सुटतांच होणाऱ्या भडक्यानें वैमानिकाचे डोळे दिपत व क्षणभर त्याला कांहीं दिसेनासें होई. म्हणून नळ्यांच्या तोंडांवर ज्वाळा झांकणारीं साधनें बसविलीं. शेंपटांतील मशिनगन जवळजवळ निरुपयोगीच होती. जर्मनांच्या मेसरश्मिट-११० या जोडीदाराजवळ नाकांत दोन तोफा व चार मशिनगन असत. त्या मानानें पे-३ चें तोंड बोथट होतें. विमानांत रडारहि नव्हतें. खालून प्रकाशझोतांत सांपडलेला शत्रु दिसला तर दिसला, नाहीं तर डोळे फाडून अंधार न्याहाळावयाचा.

सर्वांत गंभीर तक्रार निराळीच होती. बाँबरचा वैमानिक शत्रूकडे पाठ करून पळतो म्हणून त्याचें रक्षण मागून केलेलें असतें. लढाऊ विमानाचा वैमानिक शत्रूवर तोंडानें चालून जातो. पे-३ ला पुढून चिलखत मुळींच नव्हतें. पहिल्या पलटणींपैकीं एकीच्या एका अधिकाऱ्यानें हें गाऱ्हाणें थेट वरपर्यंत नेलें. त्या दिवसांत असें पत्र लिहावयास छाती लागे. पण या वेळीं ऐकून घेण्यांत आलें. काय पाहिजे तें विचारून शरद् ऋतूंत सुधारलेला नमुना तयार झाला. त्यांत वैमानिकापुढें पोलादी पत्रे आले, २० मिलिमीटरची तोफ आली, आणि मागें वळविण्याजोगी जाड मशिनगन आली. चार दिवसांत जें राहून गेलें तें वैमानिकांच्या अनुभवावरून असें हळूहळू भरून काढावें लागलें. जे मध्यंतरीं पुढच्या चिलखतावांचून लढले त्यांचा विचार येथें मनांत येतो. उलट हेंहि खरें कीं, ऑगस्टांत चार महिने मागितले असते तर तें विमान मॉस्कोसाठीं आलेंच नसतें. या दोहोंतून योग्य काय याचा निवाडा कारखान्यांत उभ्या असलेल्या माणसाला करतां येत नव्हता. त्याला तारीख दिलेली होती.

आणि मॉस्कोला त्याची गरज तर ऑक्टोबरांत फारच लागली. जर्मन सैन्य शहराच्या रोखानें सरकत येत होतें. रात्रीच्या पहाऱ्यासाठीं केलेलीं हीं विमानें पुन्हां पंखाखालीं बाँब लटकवून रस्त्यांवरील शत्रूच्या तांड्यांवर धाडण्यांत आलीं. कांहीं टेहळणीसाठीं दूरवर पाठविण्यांत आलीं, कारण एवढा पल्ला असलेलें वेगवान विमान दुसरें नव्हतें. लढाऊ विमान म्हणून केलें, बाँबर म्हणून वापरलें. पे-३ जातीचीं सर्व मिळून सुमारें साडेतीनशें विमानें बांधलीं गेलीं; पे-२ च्या अकरा हजारांपुढें ही संख्या फारच लहान आहे.

त्याच ऑक्टोबरांत मॉस्कोचे विमान-कारखाने उचलून पूर्वेकडे नेण्यांत आले. पे-३ बांधणारा कारखाना सैबेरियांत इर्कुत्स्क येथें गेला. पे-२ चा मुख्य कारखाना व्होल्गाकांठीं कझान येथें गेला, व त्याच्याबरोबर पेतल्याकोव्हहि गेला. यंत्रें आगगाडींतून उतरवून अर्धवट बांधलेल्या इमारतींत मांडलीं. थंडी रशियाची. अनुभवी कारागीर सैन्यांत गेलेले. त्यांच्या जागीं बाया व चौदा-पंधरा वर्षांचीं पोरें यंत्रांपुढें उभीं राहिलीं. विमानांची संख्या वाढवा असा वरून सारखा तगादा होता. कामाचा दर्जा उतरला, आणि नव्या विमानांत दोष निघत असल्याच्या तक्रारी आघाडीवरून येऊं लागल्या. कर्ता म्हणून त्यांचें उत्तर पेतल्याकोव्हला द्यावयाचें होतें. नुकताच कैदेंतून सुटलेल्या माणसाला असल्या तक्रारींचा अर्थ काय वाटला असेल हें सांगावयास नको.

१९४२ च्या जानेवारींत त्याला मॉस्कोस बोलावणें आलें. प्रवाशांचें विमान मिळण्याची वाट न पाहतां, कझानहून पलटणीकडे निघालेल्या दोन नव्या पे-२ पैकीं एकांत तो बसला. १२ जानेवारी १९४२ रोजीं अर्झामासजवळ त्या विमानाला हवेंतच आग लागली आणि तें कोसळलें. आंतील कोणीहि वांचलें नाहीं. पेतल्याकोव्हचें वय पन्नास होतें. त्याचा देह कझानला आणून तेथील आर्स्कोये स्मशानभूमींत पुरण्यांत आला.

त्याच वर्षीं पे-३ ची एक पलटण मॉस्कोहून उत्तर महासागराच्या कांठीं हलविण्यांत आली. इंग्लंड-अमेरिकेहून युद्धसामग्री घेऊन येणाऱ्या जहाजांच्या तांड्यांवर जर्मन विमानें तुटून पडत. किनाऱ्यापासून दूर जाऊन त्यांना अडविण्याइतकें पेट्रोल साध्या लढाऊ विमानांत मावत नसे. पे-३ मध्यें मावे. १९४२ च्या सप्टेंबरांत आलेल्या मोठ्या तांड्याच्या रक्षणासाठीं हीं विमानें त्या गोठविणाऱ्या पाण्यावरून गेलीं. तिसऱ्या माणसाची जागा रिकामी करून ज्या दोन टाक्या मॉस्कोंत बसविल्या होत्या त्यांचा खरा उपयोग येथें झाला. पुढें पेतल्याकोव्हच्या नकाशाघराची सूत्रें त्याचा तुरुंगांतील सोबती मायासिश्चेव्ह याच्याकडे आलीं, व युद्ध संपेपर्यंत पे-२ मध्यें सुधारणा होत राहिल्या.

टॅगनरॉगच्या ज्या तंत्रशाळेंत तो शिकला तिला पुढें त्याचें नांव देण्यांत आलें. आणि टीबी-७ हें जें त्याचें जुनें चार एंजिनांचें विमान, ज्याच्या कामावरून उठवून त्याला १९३७ सालीं नेलें होतें, तें त्याच्या मृत्यूनंतर १९४२ सालीं पे-८ या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. त्या वर्षाच्या मे महिन्यांत त्यांतील एक विमान परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह यांस घेऊन, जर्मनांच्या ताब्यांतील मुलखावरून रात्रीं उंच उडत, स्कॉटलंडांत जाऊन उतरलें, व तेथून पुढें अटलांटिक ओलांडून वॉशिंग्टनपर्यंत गेलें.